खेळ की इंजिन?

"मला खेळ बनवायचा आहे की इंजिन, हेच ठरत नाही," असे आज एक मित्र ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानावरच्या चित्र काढण्याच्या जागेत, उसळणारा चेंडू दाखवताना म्हणाला, आणि ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. इंजिन म्हणजे खेळातली हालचाल, टक्कर, चित्रे हे सगळे आतून सांभाळणारे सॉफ्टवेअर.

चेंडू भिंतीवर आपटून परत फिरावा, एवढ्यासाठी त्याने टक्कर ओळखण्याचे सगळे गणित साध्या जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट समजणाऱ्या भाषेत, स्वतः लिहिले होते. फेझर हे जावास्क्रिप्टमध्ये खेळ बनवण्याचे तयार साधन वापरले असते तर ते काम मोजक्या ओळींत झाले असते. गोडो हे तयार गेम इंजिन घेतले असते तर दृश्ये मांडण्यासाठी एडिटरही मिळाला असता. मात्र खेळाबरोबर वेबअसेम्ब्लीतले (ब्राउझरमध्ये वेगाने चालणाऱ्या कोडच्या स्वरूपातले) इंजिनही डाउनलोड होण्याची वाट खेळणाऱ्याला पाहावी लागली असती, आणि एवढ्याशा खेळासाठी तो भार मला जास्त वाटतो.

टिकाऊपणाचाही विचार करावाच लागतो. ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या प्लगइनचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि हौसेने बनवलेले असंख्य खेळ ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. म्हणून ब्राउझरला स्वतःला जे समजते, त्याच्या शक्य तितके जवळ राहावे, असे मला मनापासून वाटते.

हौसेच्या कामात तुम्ही कशाला अधिक महत्त्व देता: खेळ पूर्ण होण्याला, की तो आतून कसा चालतो हे समजण्याला?