आमची वाटचाल: नळी विकण्यापासून नळी वळवून देण्यापर्यंत

शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांना साहित्य पुरवणे हा आमचा व्यवसाय, आणि काचनळी हा त्यातला सर्वांत जुना माल. वडिलांनी नागपुरात महाल भागातल्या एका वाड्याच्या ओसरीवर हे काम सुरू केले, तेव्हा नळी किलोच्या भावाने येत असे आणि तिचे जुडगे धानाच्या तणसात बांधून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या शाळांना एसटीने रवाना होत असत. माल न फुटता पोहोचला की व्यवहार पूर्ण झाला, अशी त्या काळच्या व्यापाराची रीत होती. नळी कापणे, वळवणे आणि बुचात बसवणे ही कामे शाळेतले शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक करीत.

व्यवसायाला वेगळे वळण लागले ते परत येणाऱ्या मालामुळे. ‘नळी कच्ची निघाली’ अशा चिठ्ठीसह तुटके तुकडे दुकानात येत. वडील ते टाकून न देता टेबलावर मांडून पाहत असत. बहुतेक तुकड्यांची कथा एकच होती. नळी आचेवर फुटलेली नव्हती, कापतानाही नव्हती. ती रबरी बुचात घालताना मोडलेली होती. एका शाळेतल्या सहायकाच्या तळहातात अशी मोडलेली नळी अंगठ्याच्या मुळाशी शिरली आणि टाके घालावे लागले, हे कळल्यावर दुकानातली चर्चा भावापुरती राहिली नाही.

हे का घडते, ते प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही प्रत्यक्ष दाखवतो. साधारणपणे माणूस डाव्या मुठीत बूच धरतो, उजव्या हाताने नळीचे लांबचे टोक पकडतो आणि जोर लावतो. काच सरळ दाब पुष्कळ सोसते, पण वाकवणारा ताण तिला मुळीच सोसत नाही. आणि हात बुचापासून जितका दूर, तितका किंचित तिरक्या जोराचाही परिणाम मोठा. नळी मोडते त्या क्षणी हाताचा जोर मात्र थांबलेला नसतो, त्यामुळे तो हात थेट बुचात उभ्या राहिलेल्या धारदार टोकावर जातो. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम असा की, नळी बुचापासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरावी, बूच तळहातावर न टेकवता कडेने बोटांत धरावे, दोन्ही हातांत जाड फडके घ्यावे, नळीला व भोकाला ग्लिसरीन किंवा निदान साबणाचे पाणी लावावे आणि ढकलण्याऐवजी फिरवत फिरवत थोडे थोडे आत न्यावे. वळवलेल्या नळीचा वाक मूठ म्हणून कधीही वापरू नये, कारण वाकाची बाहेरची बाजू आचेवर ताणली जाऊन पातळ झालेली असते. थिसल फनेल (लांब काचनळीचे नरसाळे) आणि थर्मामीटर यांनाही हेच लागू पडते. थर्मामीटर महाग असल्यामुळे लोक तो आपोआपच जपून धरतात, स्वस्त नळीच्या वाट्याला ते भाग्य येत नाही.

बुचात न जाणारी नळी पुष्कळदा कापल्यानंतर तशीच वापरलेली असते. कापण्याची पद्धत सोपी आहे. तिकोनी कानशीने एकच स्पष्ट ओरखडा काढायचा, करवतीसारखे पुढेमागे घासायचे नाही. ओरखड्यावर पाण्याचा थेंब लावायचा, नळी फडक्यात गुंडाळायची, ओरखडा शरीरापासून दूर, बाहेरच्या बाजूला ठेवून दोन्ही अंगठे त्याच्या बरोबर मागे टेकवायचे आणि नळी दोन्हीकडे ओढत हलकेच वाकवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. यानंतरची पायरी शाळांत वगळली जाते: कापलेले टोक आचेत फिरवत धार गोल करून घेणे. धार राहिलेली नळी रबराला खरवडत जाते, अडते, आणि अडली की माणूस जोर वाढवतो. मात्र टोक आचेत फार वेळ ठेवले तर भोकच आक्रसते, हेही सांगावे लागते. तापलेली काच गार काचेसारखीच दिसते, त्यामुळे ती जाळीवर वेगळी ठेवावी आणि उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग पाहावी.

मध्यंतरी शाळांकडून ‘चांगली, बोरोसिलिकेट काचेची नळी द्या’ अशी मागणी वाढली. ती नळी विकणे आम्हाला फायद्याचे होते, तरी वडिलांनी मोडता घातला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. तापमानातला बदल सोसण्यात बोरोसिलिकेट सरस आहे, कारण ते तापल्यावर साध्या सोडा काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. पण सोडा काच 700 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते, तर बोरोसिलिकेटला 820 अंशांच्या जवळ जावे लागते. शाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यावर ती धड वळत नाही; अर्धवट मऊ झालेल्या नळीवर मुले जोर करतात आणि ती मोडते. म्हणून तापवायच्या परीक्षानळ्या व चंबू बोरोसिलिकेटचे आणि वळवायची नळी सोडा काचेची, अशी यादी आम्ही देऊ लागलो. दोन्ही नळ्या मिसळल्या असतील तर ओळखायची युक्तीही दुकानात दाखवतो: तुकडा ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवायचा. बोरोसिलिकेटचा आणि ग्लिसरीनचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचे माप, जवळपास सारखाच, 1.47, असल्यामुळे तो तुकडा द्रवात जवळजवळ दिसेनासा होतो; सोडा काचेचा, 1.52 वक्रीभवनांकाचा, तुकडा कडांसह दिसत राहतो. शिक्षकांना नळीपेक्षा ही युक्तीच अधिक आवडते.

आमच्या भागातली आणखी एक अडचण ऋतूची आहे. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो आणि त्या काळात प्रयोगशाळा कुलूपबंद असते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर जुनी रबरी बुचे कडक होऊन नळीला घट्ट चिकटलेली असतात. ‘भाऊ, नळी निघूनच नाही राहिली’ हा त्या दिवसांतला आमच्या फोनवरचा नेहमीचा संवाद. उत्तर ठरलेले असते: ओढू नका, पिळू नका, बूच ब्लेडने उभे चिरून नळी मोकळी करा आणि बूच फेकून द्या. बूच वाचवायचेच असेल, तर नळीवर जेमतेम बसेल असा कॉर्क बोरर (बुचाला भोक पाडायची धातूची पोकळ नळी) ग्लिसरीन लावून नळीवरून फिरवत रबरात उतरवावा, म्हणजे चिकटलेली पकड सुटते. परंतु एवढ्या उठाठेवीच्या किमतीत नवी बुचे येतात.

या सगळ्या अनुभवातून आम्ही सुटी नळी विकणे कमी करीत गेलो. आज हिंगण्याकडच्या आमच्या लहानशा कार्यशाळेत नळी कापून, टोके गोल करून, काटकोनात व शाळेने सांगितलेल्या इतर कोनांत वळवून, बुचात बसवूनच बाहेर पडते. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू तयार करण्याच्या प्रयोगांसाठी शाळेला केवळ चंबू आणि वायुपात्र जोडायचे उरते. दोन काचनळ्यांमध्ये लांब वाकडी नळी देण्याऐवजी रबरी नळीचा तुकडा घालतो, म्हणजे एखाद्याचा धक्का लागला तरी जोर काचेवर येत नाही. किलोच्या हिशेबात विक्री घटली. जोडणीच्या मजुरीने ती भरून निघाली, आणि एकदा जोडणी नेलेली शाळा सहसा दुसरीकडे जात नाही.

नळी स्वतः वळवायला शिकवू इच्छिणारे शिक्षक अजूनही आहेत आणि त्यांना सुटी नळी आम्ही आनंदाने देतो. अशा प्रत्येक जुडग्यासोबत कानस, ग्लिसरीनची छोटी बाटली आणि ‘फुटकी काच’ असे लिहिलेला झाकणाचा पत्र्याचा डबा जातो. डब्याचे पैसे आम्ही बिलात वेगळे लावतो आणि त्यावर घासाघीस करीत नाही.