अर्धी भाकरी आणि खिशातली साखर

गुरुवार, रात्री साडेनऊ

सोमवारी दुपारच्या गाडीने काशीला निघायचे ठरले आहे. ताईला पंचाहत्तर पूर्ण झाली आणि आता एवढी एकच इच्छा उरली आहे असे ती येता-जाता ऐकवत असल्यामुळे ताई, दाजी, सौ. आणि मी असे चौघे जाणार आहोत. थंडीचे दिवस असल्याने घरात सगळी चर्चा स्वेटर आणि कानटोप्यांची चालली आहे. माझ्या डोक्यात मात्र जेवणाचा हिशेब घोळतो आहे. मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली; त्यांपैकी शेवटची चार वर्षे मी ताटातली कर्बोदके निम्म्याहून कमी केली आहेत आणि घरी आता त्याचे काही वाटत नाही, कारण भाकरी किती ग्रॅम पिठाची आहे आणि उसळीत गूळ पडला आहे की नाही, हे मला ओट्याजवळ उभे राहून कळते. गाडीत आणि परक्या गावात ते कळत नाही.

आज दुपारी जुनी वही काढून पाहिली. चार वर्षांपूर्वी माझे दुपारचे जेवण म्हणजे तीन पोळ्या, वाटीभर भात, वरण आणि बहुधा बटाट्याची भाजी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम आणि तेवढ्याच तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्या हिशेबाने एका जेवणात ११० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जात होती आणि मी वर चहा बिनसाखरेचा घेतो म्हणून समाधान मानत होतो. आजचे ताट अर्धी ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, अर्धी वाटी मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि दही असे होते, आणि त्याचा आकडा ४५ च्या आत राहतो. भाकरी अर्धीच का, असे ताई नेहमी विचारते, कारण ज्वारी मधुमेहाला चालते अशी तिची ठाम समजूत आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे गव्हापेक्षा तसूभरही कमी नाहीत. भाकरीने पोट लवकर भरते आणि ती दोनपेक्षा जास्त खाववत नाही, हा तिचा खरा गुण. माझे काही शेजारी मात्र पोळी सोडून तीन-तीन भाकऱ्या खातात आणि साखर उतरत नाही म्हणून ज्वारीला दोष देतात.

झोपण्याआधी नागपूरच्या प्रवासाची आठवण लिहून ठेवतो, कारण यंदाच्या तयारीचे मूळ तिथे आहे. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला रात्रीच्या गाडीने निघालो होतो. साखर वाढू नये, एवढाच एक विचार मनात होता. दुपारी नेहमीपेक्षाही कमी जेवलो आणि रात्री आठला, आता डबा उघडायचाच आहे असे समजून, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन टाकली. डबा दाजींच्या पिशवीत, दाजी चार डबे पलीकडे, आणि मधल्या वाटेवर लोक सामान टाकून बसलेले. पाऊण तासाने मानेला घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि सौ.ने काही विचारले तर मी तिच्यावर असा खेकसलो की तिला वाटले, मी लग्नातल्या मानपानावरून चिडलो आहे. साखर उतरली की माणूस चिडका होतो, हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. साखर मोजायच्या मीटरवर ५४ आकडा दिसला. समोरच्या बाकावरील एका आजींनी नातवाच्या बाटलीतले सरबत पाजले, तेव्हा कुठे मला बर्थचा क्रमांक नीट वाचता येऊ लागला. ताटातली कर्बोदके कमी झाली होती आणि औषधे मात्र जुन्या ताटाच्या मापाचीच चालू होती. ही चूक माझी होती, कारण आहार बदलला आहे हे मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते.

शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नागपूरनंतर त्यांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली होती आणि रात्रीचे ग्लार्जिन इन्सुलिन २२ युनिटांवरून टप्प्याटप्प्याने १४ वर आणले होते. मेटफॉर्मिन तेवढी तशीच आहे, कारण ती एकटी सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी या वेळी ६.८ टक्के आली. चार वर्षांपूर्वी ती ८.९ होती. “काका, काशीत तुम्ही रोज घरच्यापेक्षा दुप्पट चालणार आहात. मला साखर वाढण्याची काळजी कमी आहे, उतरण्याची जास्त आहे,” असे म्हणून त्यांनी खूप चालणे होईल त्या रात्री इन्सुलिन दोन युनिटे कमी घ्यायला सांगितले आणि ते चिठ्ठीवर लिहूनही दिले. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहिली आहेत, कंपन्यांची नाहीत, कारण परगावच्या दुकानात तोच छाप मिळेल याचा भरवसा नसतो.

प्रतीक्षाकक्षात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले आणि त्यांनी माझा आहार उतरवून मागितला. ते डापाग्लिफ्लोझिन, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी घेतात, असे बोलता बोलता कळले, म्हणून मी दिला नाही. त्या गटातील गोळ्यांबरोबर कर्बोदके फार कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये, साचून आम्लता वाढण्याचा धोका असतो. आधी आत जाऊन विचारा, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते थोडे लागले असावे. आपल्याकडे पथ्य म्हणजे पाककृतीप्रमाणे एकमेकांना द्यायची वस्तू झाली आहे; औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे असते, हे कोणी लक्षात घेत नाही.

शनिवार

दिवसभर स्वयंपाकघरात सौ.च्या हाताखाली काम केले. गाडीतली एक रात्र आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दिवस, एवढ्यासाठी काय न्यायचे, यावर बरीच घासाघीस झाली. रेल्वे बोर्डाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गाड्यांमधील खानपानात मधुमेहींच्या पदार्थांचाही समावेश करण्याची मोकळीक दिली, हे खरे. पण आपल्या गाडीत त्या दिवशी काय मिळेल हे आधी कळत नाही, आणि गाडीतल्या साध्या थाळीत पोळ्या, भात आणि बटाटा यांपलीकडे माझ्या वाट्याला फारसे येत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या रात्रीसाठी मुगाची धिरडी आणि कोरडा झुणका ठरला. मुगाच्या डाळीतही निम्मी कर्बोदके असतात, पण तिच्यातली प्रथिने पोट धरून ठेवतात आणि साखर सावकाश चढते. झुणक्यात सौ.ने पाणी जवळजवळ घातलेच नाही आणि तेलाचा हात सैल सोडला, म्हणजे तो दुसऱ्या दुपारपर्यंत आंबणार नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, जवसाची आणि कारळ्याची चटणी, काकड्या, तव्यावर परतलेले पनीर हे वरचे सामान. उकडलेल्या अंड्यांचा प्रस्ताव ताईच्या नुसत्या नजरेने फेटाळला गेला. सोलापूरहून आणलेल्या कडक भाकऱ्याही घेतल्या आहेत. त्यांत कर्बोदके आहेतच, परंतु एक भाकरी वजन करून ठेवली म्हणजे पाव तुकड्यात किती जातात हे मला ठाऊक असते, आणि गाडी कुठे अडकून पडली तर ती आठवडाभरही टिकते. मोजलेली भाकरी मला न मोजलेल्या पथ्याच्या चिवड्यापेक्षा विश्वासाची वाटते. दाजींनी मोठ्या प्रेमाने “शुगर फ्री” लिहिलेल्या बिस्किटांचे दोन पुडे आणले. मागची बाजू वाचली तर पहिलाच घटक मैदा! पुडे त्यांच्याच पिशवीत ठेवले.

रविवार, सामान बांधून झाल्यावर

आज सर्वांत जास्त वेळ औषधांच्या पिशवीने घेतला. नियम एकच ठेवला आहे, की प्रत्येक वस्तू दोन असावी आणि त्या दोन्ही एका पिशवीत नसाव्यात. इन्सुलिनची दोन पेने आहेत. एक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आणि दुसरे सौ.च्या. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटात २ ते ८ अंशांवर ठेवायचे असते, परंतु वापरायला काढलेले ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस चालते, म्हणून पेनावर उघडल्याची तारीख चिकटवली आहे. या थंडीत सुती कापडाची पिशवी पुरेल. उन्हाळ्यात मी रुंद तोंडाचा थर्मास थंड पाण्याने विसळून, कोरडा करून वापरतो. बर्फ मात्र इन्सुलिनला कधीही लागू देत नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी ते टाकूनच द्यावे लागते.

सौ.ला एक गोष्ट पुन्हा समजावून सांगितली आणि ती येथेही लिहितो. पेने हरवली आणि दुकानातून कुपी व सिरिंज घ्यायची वेळ आली, तर आधी कुपीवरचा आकडा वाचायचा. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे असते आणि त्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते. पेनातले इन्सुलिन आणि काही कुप्या १०० युनिटांच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. शंभरच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने १४ खुणांपर्यंत औषध ओढले, तर अंगात १४ नव्हे, ३५ युनिटे जातील. सौ.ने ते स्वतःच्या डायरीत लाल शाईने लिहून घेतले.

मीटर, पन्नास पट्ट्या, जादा बॅटरी, आणि वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी. शेवटी साखर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५ ग्रॅम साखरेच्या आठ पुड्या बांधल्या. चार माझ्या खिशात, दोन सौ.कडे, दोन ताईकडे. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर एक पुडी पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. चॉकलेट किंवा पेढा त्या वेळी कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. चार वर्षे मी चहात चिमूटभर साखर घातलेली नाही, आणि आता सदऱ्याच्या खिशात तिचे साठ ग्रॅम घेऊन निघालो आहे.

मंगळवार, गाडीत

जबलपूर मागे पडले. गाडीला दोन तास उशीर झाला आहे आणि पोटात काही नाही असे एकदाही झाले नाही. समोरच्या कुटुंबाने गूळपोळी पुढे केली. नको म्हटले तर त्यांना वाईट वाटले, म्हणून एक तुकडा घेतला आणि दुपारचा भाकरीचा पाव तुकडा वगळला. आता १२६.

गुरुवार, काशी

सकाळी विश्वनाथाचे दर्शन झाले. अनवाणी चालावे लागणार हे माहीत होते. माझ्या तळपायांची जाणीव गेल्या दोन वर्षांत कमी झाली आहे, त्यामुळे थंड, ओल्या फरशीवर काही टोचले तरी मला कळणार नाही, हीच भीती होती. खोलीवर आल्यावर सौ.ने विजेरी घेऊन दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहिल्या. ओरखडा नव्हता. मग साखर तपासली तर मीटरवर २४७! मी काही खाल्ले नव्हते. क्षणभर सगळ्या तयारीवर पाणी पडल्यासारखे वाटले. ताईने मात्र विचारले, “प्रसादाचा पेढा कोणी धरला होता?” मीच धरला होता, तिच्या हातात देण्यापुरता. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाचे रक्त घेतले तर १३८. बोटाला लागलेली साखर पट्टीवर उतरली होती. हात न धुता त्या आकड्यावर विश्वास ठेवून जादा इन्सुलिन घेतले असते, तर काय झाले असते, याचा विचार दुपारभर डोक्यातून गेला नाही.

संध्याकाळी अस्सीपासून घाटांच्या पायऱ्या चढत-उतरत दशाश्वमेधाकडे निघालो. अहिल्याबाई घाटाजवळ पोचेपर्यंत सौ.ने दोनदा माझ्याकडे वळून पाहिले. मी दाजींशी कशावरून तरी विनाकारण वाद घालत होतो. “आधी तपासा,” एवढेच ती म्हणाली. थंडीत मीटर नीट चालत नाही म्हणून तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. आकडा ६६ आला. पुडी पाण्यात विरघळवून प्यायलो आणि पायरीवर बसलो. आरतीची गर्दी वाढत होती, ताईला जागा धरण्याची घाई झाली होती, पण सौ.ने तिलाही बसवून घेतले. पंधरा मिनिटांनी ९४. पुढचे जेवण दोन तास दूर होते, म्हणून मूठभर फुटाणे आणि कडक भाकरीचा तुकडा खाल्ला. मग दाजींनी द्रोणात आणलेली कचोरी मी अर्धी मागितली आणि त्यांनी ती न बोलता मोडून दिली. आज रात्री इन्सुलिन १२ युनिटे.