सरकारचा वकील की मंत्र्याचा?

वकिलीतील नीतिमत्तेविषयी नव्या वकिलांशी बोलण्याचा प्रसंग आला, की मी मोतीलाल चिमणलाल सेटलवाड यांचे नाव घेतो आणि समोरचे बहुतेक चेहरे कोरे राहतात. 1950 साली प्रजासत्ताकाचे पहिले महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील, झालेले हे मुंबईचे वकील 1963 पर्यंत त्या पदावर होते. इतका दीर्घ काळ नंतर कोणालाही लाभला नाही. जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे जनरल डायरला अडचणीचे प्रश्न विचारणारे सर चिमणलाल हे त्यांचे वडील, तेव्हा उलटतपासणीचे बाळकडू घरातच मिळाले होते म्हणायला हरकत नाही. महान्यायवादी होण्याआधी, 1937 पासून, मोतीलाल मुंबई प्रांताचे महाधिवक्ता, म्हणजे प्रांत सरकारचे मुख्य वकील, होते आणि 1942 साली, ‘चले जाव’च्या दिवसांत, त्यांनी ते पद सोडले.

मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतील मुंदडा प्रकरणच पुन्हा पुन्हा आठवते. नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने जून 1957 मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फिरोझ गांधी यांनी हा व्यवहार लोकसभेत चव्हाट्यावर आणला. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि गर्दी इतकी लोटली, की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. जानेवारी 1958 मध्ये नेमलेल्या आयोगाचा अहवाल फेब्रुवारीत हाती आला. आमच्या न्यायालयात एवढ्या अवधीत समन्सची बजावणीसुद्धा होत नाही.

या चौकशीत सेटलवाड उभे राहिले ते आयोगाला साहाय्य करण्यासाठी, सरकारचा बचाव करण्यासाठी नव्हे. ज्या सरकारचे ते सर्वोच्च कायदेशीर सल्लागार होते, त्याच सरकारचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि अर्थसचिव एच. एम. पटेल यांचे वर्तन तेथे तपासले जात होते. निर्णय सचिवांनी परस्पर घेतला, अशी मंत्र्यांची भूमिका होती. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, असा निष्कर्ष छागलांनी काढला आणि त्याच महिन्यात कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले. नेहरूंना आपला हा सहकारी गमावल्याचे दुःख झाले, ते त्यांनी लपवलेही नाही. तरीही महान्यायवादी पुढची पाच वर्षे आपल्या जागी राहिले. याचे श्रेय मी दोघांनाही देतो.

हे सारे मला पुस्तकी वाटत नाही, कारण जिल्हा न्यायालयात काही वर्षे मी सहायक सरकारी वकील होतो. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या एका प्रकरणात सातबाऱ्यावर जमिनीची नोंद जिरायत, म्हणजे कोरडवाहू, अशी होती आणि आमचा लेखी जबाबही त्याच आधारावर तयार झालेला होता. दाखल करण्यापूर्वी रात्री फाईल पुन्हा चाळताना, दोन टाचण्यांच्या मध्ये घडी घालून अडकलेला स्थळपाहणीचा पंचनामा सापडला. त्यात निळ्या शाईत, काहीशा घाईच्या अक्षरात ‘विहीर एक, पाणी चालू, ऊस उभा’ असे लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी मी तो कागद संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो न वाचताच परत घडी घातला आणि अगदी शांतपणे विचारले, “वकीलसाहेब, तुम्ही सरकारचे वकील आहात की त्या शेतकऱ्याचे?” मला त्या वेळी चटकन उत्तर सुचले नाही. जबाब बदलून घ्यायला मला तीन तारखा लागल्या, त्यात न्यायाधीशांची बोलणीही खाल्ली. पंचनामा मात्र यादीसह दाखल केला.

सेटलवाडांचा काटेकोरपणा सर्वांना रुचेल असा नव्हता. ते पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष होते आणि न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवरील 1958 च्या चौदाव्या अहवालात, न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे स्वीकारू नयेत, असे आयोगाने बजावले होते. छागला त्या आयोगाचे सदस्य होते आणि त्याच वर्षी ते भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. ज्यांच्यासमोर मुंदडा प्रकरणात आपण उभे राहिलो, त्यांच्याविषयी सेटलवाडांनी पुढे आत्मचरित्रात तीव्र नापसंती नोंदवली. काहींना ती कटुता वाटते. मला वाटत नाही. अहवालावर सही करणाऱ्यालाच अहवालातील अट लागू नसेल, तर ती इतरांनी का पाळावी?

अर्थात सेटलवाड स्वतः 1966 साली राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले, याकडेही कोणी बोट दाखवील. ते न्यायाधीश कधीच नव्हते आणि महान्यायवादीपद सोडून तीन वर्षे झाली होती, म्हणून ती अट त्यांना लागू होत नव्हती, असे मी म्हणेन. पण असे म्हणताना, वकिलाच्या सवयीने मी त्यांचा बचाव तर करीत नाही ना, अशी शंका मला येते आणि तिचे पुरते निरसन अजून झालेले नाही.