तुम्ही विचारलंत म्हणून: एका टॅपचं काम आणि माझा वेळ

‘एका टॅपमध्ये बॅकग्राउंड उडतं, मग साधी फाइल द्यायला तुम्हाला एवढा वेळ का लागतो?’ हे इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते. मी कागदावर शाईने चित्रं काढते आणि छापायला त्यांची मागचा कागद काढून टाकलेली, पारदर्शक फाइल देते.

चित्राचा फोटो काढायला वेळ लागत नाही. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, फोन कागदाला समांतर आणि जरा लांब, म्हणजे कडा फुगत नाहीत. ए-फोर चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ते आरामात बसतात. तेव्हा स्कॅनरचा आग्रह मी कधीच सोडला.

वेळ जातो तो रेघेच्या कडेला. शाईची रेघ मोठी करून बघा. मधोमध काळी, पण दोन्ही कडांना राखाडी पिक्सेल असतात, थोडी शाई आणि थोडा कागद. ॲपने ते ठेवले की गडद रंगावर रेघेभोवती पांढुरकी किनार दिसते; काढले की रेघ कुरतडल्यासारखी होते. म्हणून मी आधी लेव्हल्सने, म्हणजे फोटोतला गडद-उजळपणा बदलायच्या सोयीने, कागद पांढरा करते आणि मग उजळपणावरून पारदर्शकता ठरवते. पांढरं ते पूर्ण पारदर्शक, राखाडी ते अर्धवट.

एका कुटुंबासाठी त्यांच्या आजींचं चित्र केलं होतं. आजी नुकत्याच गेल्या होत्या. केस पांढरेशुभ्र. असे केस काळ्या शाईने काढायचे म्हणजे कागद कोरा सोडायचा. कानामागे आणि अंबाड्याच्या वळणावर तेवढ्या मोजक्या बारीक रेघा. छपाई करणाऱ्यांना घाई होती. माझ्या फाइलची वाट न बघता त्यांनी घरच्यांकडचा चित्राचा फोटो घेतला, ॲपने त्याचं बॅकग्राउंड उडवलं आणि मरून रंगावर छापला. ॲपने केसांना कागद समजून उडवलं. कपाळ संपलं की थेट मरून, त्यात तरंगणाऱ्या दोन-चार रेघा. आजींच्या मुलीचा फोन आला. ‘आईचे केस कुठे गेले?’ एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला बोलता येईना.

खरं सांगायचं तर नुसत्या माझ्या पद्धतीनेही ते केस गेलेच असते. उजळपणाला केस आणि कागद यांतला फरक कळत नाही. त्यासाठी रेघांच्या थराखाली वेगळा पांढरा थर हाताने भरावा लागतो. त्या रात्री बसून केसांची कड बोटाने आखली, आत पांढरं भरलं. तुम्ही विचारता तो वेळ हा.

पूर्वी मीच म्हणायचे की चित्र कागदावर संपतं, पुढची सगळी हमाली. आता तसं म्हणवत नाही. केसांची ती कड मी कागदावर काढलीच नव्हती, ती स्क्रीनवर ठरली. पण बघणाऱ्याला ती कागदावरही दिसत होतीच ना? तेव्हाची मी हेच म्हणाली असती, आणि तिला खोडून काढायला माझ्याकडे आजही काही नाही.

तुमचं काम एका टॅपने भागत असेल तर जरूर भागवा. मात्र चित्रात पांढरं काही असेल, केस, दात, दूध, तर मी वेळ मागणार. आणि मी दिलेली पीएनजी, म्हणजे पारदर्शकता टिकवणारी फाइल, पुढे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिची जेपीजी झाली की पारदर्शकता गेली.