निल्लु!

ऑगस्ट २०११ मधील ही गोष्ट आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते आणि उत्तर श्रीलंकेत भूसुरुंग काढणाऱ्या एका भारतीय संस्थेत मी पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो होतो. भारत सरकारच्या खर्चाने अशी सात पथके तिकडे पाठवलेली होती. पथकावर देखरेख करणारे आम्ही बहुतेक निवृत्त सॅपर होतो. प्रत्यक्ष जमिनीवर गुडघे टेकून माती खरवडणारे हात मात्र तिथल्याच तमिळ मुलामुलींचे होते. मे २००९ मध्ये श्रीलंकेचे सैन्य आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांचे युद्ध संपले तेव्हा जवळजवळ तीन लाख माणसे छावण्यांत अडकली होती, आणि ज्या गावाची जमीन साफ झाल्याचा कागद निघे त्याच गावाला घरी परतण्याची परवानगी मिळे. त्यामुळे आमच्या कामाकडे रोज कोणी ना कोणी डोळे लावून बसलेले असे.

आमचे काम किलिनोच्ची जिल्ह्यात, कँडीहून जाफन्याला जाणाऱ्या ए-९ रस्त्याच्या पश्चिमेकडील एका गावात चालले होते. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. शेंडे उडालेली ताडाची झाडे, पत्रे नसलेली घरे आणि गावाच्या कडेने गेलेला मातीचा लांबच लांब बांध, असे ते दृश्य होते. ताडाचे सोट आणि जाफन्याच्या रेल्वेमार्गाचे रूळ लढणाऱ्या दोन्ही पक्षांनी खंदकांवर छप्पर घालण्यासाठी वापरले होते. गावाची शाळा आमच्या नकाशावर त्या पंधरवड्यात होती.

परदेशांत गेलेल्या तमिळांचा ओघ तेव्हा सुरू झाला होता. १९८३ च्या दंगलींनंतर आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कॅनडा, इंग्लंड, स्वित्झर्लंड येथे गेलेली ही माणसे महिना-दोन महिन्यांची रजा काढून येत आणि आपल्या गावासाठी काही तरी करू पाहत. तिथे प्रत्येक शाळेचा माजी विद्यार्थी संघ असतो आणि त्याच्या शाखा टोरांटो-लंडनमध्ये असतात. वर्गणी तिथेच जमते. त्यांच्या सदिच्छेबद्दल मला कधी शंका आली नाही. मात्र वीज नसलेल्या शाळेत संगणकांची खोकी उतरलेली मी पाहिली आहेत. शौचालय नसलेल्या शाळेत क्रिकेटचे साहित्य पोहोचलेलेही पाहिले आहे. तिथल्या एका शिक्षिका मला म्हणाल्या होत्या, "आमची माणसे तीस वर्षांपूर्वीच्या गावाला मदत करायला येतात."

त्या सकाळी आलेले गृहस्थ असेच होते. वय पन्नाशीच्या आसपास, टोरांटोजवळ स्कारबरो येथे राहणारे, तेथील पाणीपुरवठा खात्यात अभियंता. या शाळेत ते स्वतः शिकले होते. शाळेची विहीर उपसून पंप बसवायचा आणि छप्पर घालायचे, असे काम संघाने त्यांच्यावर सोपवले होते आणि परतीचे तिकीट महिनाअखेरचे होते. आमच्या पथकातील मुले त्यांना लगेच ‘अण्णै’ म्हणू लागली. जाफना भागात थोरल्या भावाला तसे म्हणतात. मी त्यांना नेहमीप्रमाणे सूचना दिल्या: स्फोटापासून वाचवणारा अ‍ॅप्रन आणि चेहऱ्यावरचा व्हायझर काढायचा नाही, पांढऱ्या खुंट्यांच्या आतच चालायचे, काहीही उचलायचे नाही, धोक्याची हद्द दाखवणाऱ्या फितीला हात लावायचा नाही. रक्तगट लिहून घेतला, रुग्णवाहिका कोठे उभी आहे ते दाखवले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि सहीसुद्धा केली.

चूक माझी झाली. पाहुण्याच्या मागे चालायचे, हा आमचा नियम. मी विहीर दाखवण्याच्या नादात दोन पावले पुढे गेलो.

शाळेच्या अंगणात एक मोठा कडुनिंब होता आणि त्याच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता. तीच शाळेची घंटा. एवढ्या तोफांच्या माऱ्यात इमारतीच्या भिंती चाळणीसारख्या झाल्या, पण तो तुकडा तसाच लोंबत राहिला होता. ते गृहस्थ मागे काही तरी पुटपुटले म्हणून मी वळून पाहिले, तेव्हा सैल पडलेली फीत ओलांडून त्यांचा उजवा पाय पलीकडच्या मातीवर टेकला होता आणि डावा उचलला जाण्याच्या बेतात होता.

"निल्लु!"

हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला ते मला आजही सांगता येणार नाही. आदल्या तासाभरात आम्ही दोघे इंग्रजीतच बोलत होतो. पण त्या क्षणी बाविसाव्या वर्षी शिकलेला, माणसाला थांबवणारा तमिळ शब्द, त्या वयातल्याच आवाजात, बाहेर पडला. ते गृहस्थ जागच्या जागी थिजले. आणि मग त्यांनी दोन्ही हात सावकाश डोक्याच्या वर नेले. मी हात वर करा असे म्हटलेच नव्हते.

हालू नका, मागे वळू नका, डावा पाय आहे तिथेच ठेवून उजवा त्याच ठशातून उचला, असे मी इंग्रजीत सांगत राहिलो आणि ते आत आले. हात त्यानंतरही बराच वेळ वरच होते. पथकातील एका मुलीने पुढे होऊन ते हळूच खाली घेतले.

नियमाप्रमाणे काम थांबले आणि प्रसंगाची नोंद झाली. मग त्यांच्या पावलाच्या दिशेने आम्ही नवी लेन उघडली. तिची रुंदी एक मीटर. आडवी काठी पुढे ठेवायची, तिच्या पलीकडची हातभर जमीन डिटेक्टरने तपासायची, आवाज आला की थोडे मागून तिरपे खणत त्या जागेच्या कुशीला पोहोचायचे. भूसुरुंग वरून दाब आला की फुटतो, म्हणून त्याला नेहमी बाजूने गाठायचे असते. एका माणसाचे दिवसभराचे काम आमच्याकडे दहा-बारा चौरस मीटर भरले तर आम्ही दिवस चांगला गेला असे मानत असू. तमिळमध्ये या सुरुंगाला ‘मिदिवेडी’ म्हणतात: मिदि म्हणजे पाय पडणे आणि वेडी म्हणजे स्फोट.

त्यांच्या पावलाखाली पत्र्याचे तीन गंजके खिळे निघाले, बाकी काही नाही. तिथून दोन मीटर पुढे, कडुनिंबाच्या मुळाशी, दुपारी एक ‘रंगन-९९’ निघाला. पाकिस्तानी पी-४ सुरुंगावर बेतून वाघांनी स्वतःच्या कारखान्यात तयार केलेला हा प्लॅस्टिकचा डबा तळहातावर मावेल एवढा असतो आणि त्यात धातू इतका कमी की डिटेक्टर जेमतेम कुरकुरतो. सावलीत माणूस बसणार, विहिरीवर माणूस जाणार, उंबऱ्यावर माणूस पाय ठेवणार, हा सुरुंग पेरणाऱ्याचा हिशेब असतो. तो हिशेब मला परका नाही. २००१-०२ मध्ये पराक्रम मोहिमेत पश्चिम सीमेवर मी स्वतः सुरुंग पेरलेले आहेत. ते नकाशावर नोंदवलेले होते आणि नंतर आम्हीच काढले, एवढा फरक मी स्वतःला सांगत असतो. श्रीलंकेने पुढे २०१७ साली भूसुरुंगबंदीचा करार स्वीकारला. आपण अजून स्वीकारलेला नाही.

लेन उघडण्यापूर्वीच्या थांबलेल्या तासात आम्ही ताडाच्या ओंडक्यावर बसून बिनदुधाचा चहा घेत होतो. तिकडे त्याला ‘प्लेन टी’ म्हणतात आणि साखर मात्र भरपूर घालतात. त्यांचा हात अजून थरथरत होता.

"तो शब्द तुम्ही इथल्या मुलांकडून शिकलात का?" त्यांनी विचारले.

होय म्हणणे सोपे होते. मी म्हटले, "नाही. जाफन्यात, १९८७ साली. मी भारतीय शांतिसेनेत होतो."

त्यांनी पेला खाली ठेवला. ते तेव्हा जाफना विद्यापीठात शिकत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही उतरलो तेव्हा लोकांनी आम्हाला हार घातले होते. माझ्या गळ्यातही एक पडला होता आणि त्याचा वास मला आठवतो. ऑक्टोबरमध्ये वाघांशी लढाई पेटली आणि त्यानंतर त्याच रस्त्यांवर, नाक्यानाक्यावर, आम्ही त्याच लोकांना ‘निल्लु’ म्हणून थांबवू लागलो. आम्हाला तमिळ येत नव्हते. हा एक शब्द आणि हात वर करायला सांगणारा दुसरा, एवढ्या भांडवलावर आम्ही एका शहराशी बोलत होतो. आमची हजाराहून अधिक माणसे त्या बेटावर मेली. त्यांची किती मेली हे त्यांच्यासमोर बसून उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही.

"एकदा दुपारभर उभा होतो मी असा," ते म्हणाले, "वडीलही शेजारी होते. ते इथले मुख्याध्यापक. त्यांना आयुष्यात कोणी ‘निल्लु’ म्हटलेले नव्हते. हात वर केल्याचे त्यांना एवढे वाटले नाही. तो शब्द मात्र त्यांनी मरेपर्यंत विसरला नाही."

मला अर्थ कळला नाही, तेव्हा त्यांनीच समजावून सांगितले. निल्लु हे मुलाला, नोकराला, गुराला म्हणायचे. मोठ्या माणसाला जाफन्यात ‘निल्लुंगो’ म्हणतात. मराठीत ‘थांब’ आणि ‘थांबा’ यांत एका कान्याचा फरक आहे, तसाच हा. चोवीस वर्षांत तो फरक मला कोणी सांगितला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. "पाय कसा पडला तेच कळले नाही," ते थोड्या वेळाने म्हणाले, "घंटा दिली की मुलांनी त्या झाडाखाली रांग धरायची, असे होते." मी क्षमा मागितली. ती सकाळच्या ओरडण्याबद्दल होती की त्या दुपारीबद्दल, हे मी स्पष्ट केले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, "आज ओरडला नसतात तर मी झाडापर्यंत गेलो असतो."

मग त्यांनी पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला: कागद कधी मिळेल? अंगण आणि विहीर मिळून सहा आठवडे, असे मी सांगितले. विहिरीत काय टाकलेले असेल ते आधी तपासावे लागते. त्या भागात विहिरींतून तोफगोळ्यांपासून बंदुकांपर्यंत सगळे निघत असे. तोपर्यंत त्यांची रजा संपणार होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मी काय करू ते सांगा."

परदेशातून आलेल्यांपैकी हा प्रश्न विचारणारे मला थोडेच भेटले. मी त्यांना चौकटीचा कागद आणि पेन्सिल दिली आणि त्यांच्या आठवणीतली शाळा काढायला सांगितली. आमच्याजवळ उपग्रहाची छायाचित्रे होती, पण मुले कोणत्या वाटेने येत, कुंपणाला भोक कोठे होते, मुतारी कोठे होती, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यांनी तास-दीड तास खर्चून ते सगळे मापासकट काढले. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे तुटक रेषा दिली, आणि त्या तुटक रेषांमुळे माझा त्यांच्यावर अधिक विश्वास बसला. मुख्याध्यापकांच्या खोलीमागे त्यांनी एक छोटे वर्तुळ काढले आणि म्हणाले, "ही जुनी विहीर. मी पाचवीत असताना बुजवली." आमच्या नकाशावर ती नव्हती. तिथली जमीन आम्ही सपाट समजून यंत्र न्यायचे ठरवले होते; तो बेत आम्ही रद्द केला. पुढे तिथे हाताने खणताना बुजवलेल्या विहिरीच्या पोकळ मातीत खचून बसलेल्या खंदकाचे तोंड लागले आणि त्याच्या कडेने चार सुरुंग निघाले.

ते महिनाअखेरपर्यंत रोज येत राहिले, बाहेर ओंडक्यावर बसत, आणि गावातील म्हाताऱ्यांना बोलावून आपला नकाशा दुरुस्त करून घेत. छप्पर त्यांच्या डोळ्यांदेखत झाले नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास ताडाच्या झावळ्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक वृद्ध बाई पायवाट सोडून सरळ आमच्या फितीकडे येऊ लागली. मी हात आडवा केला आणि म्हटले, "निल्लुंगो, अम्मा."

ती थांबली. तिने भारा खाली ठेवला, मला आपादमस्तक न्याहाळले आणि मग पाच मिनिटे न थांबता ती माझ्यावर तोंडसुख घेत राहिली. मला एक अक्षरही कळले नाही. डिटेक्टर घेऊन उभी असलेली आमची मुलगी व्हायझरच्या आत हसत होती. अर्थ विचारला तेव्हा तो सांगायला तिने साफ नकार दिला.