एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिणं: माझा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक व्हॉल्व्हचा कारखाना. त्यांच्या जुन्या ईआरपीवर, म्हणजे साठा, ऑर्डरी, बिलं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एमसीपी सर्व्हर बसवायचं काम माझ्याकडे आलं. सेल्सवाल्यांनी एजंटला, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआयला विचारावं, त्याने साठा बघून सांगावं, एवढंच. सर्व्हर चालू झाला, लॉगिन जुळलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एमसीपी नवीन असेल त्यांच्यासाठी: मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची एक ठरलेली पद्धत. जोडलेलं एकेक काम, जसं साठा बघणं, म्हणजे एक टूल. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कुठल्या रकान्यात काय भरायचं त्याचा साचा) एजंटपुढे जातो. आतला कोड त्याला दिसत नाही, आणि शेजारच्या टेबलावर जाऊन तो विचारूनही येत नाही. लिहिलंय तेवढ्यावर टूल निवडतो, रकाने भरतो.

आणि लिहायचं काय, तेच कोणी सांगेना. साठ्याच्या टेबलात तीन कॉलम: क्यूटीवाय-१, क्यूटीवाय-२, क्यूटीवाय-३. ईआरपी पुरवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तिन्हींपुढे एकच मजकूर, 'आयटमची क्वांटिटी'. धन्य! त्यांना फोन केला तर म्हणे तिकीट टाका. तिकिटाला उत्तर आलं, 'कृपया आपल्या अ‍ॅडमिनला विचारा.' अ‍ॅडमिनने अकाउंट्सकडे पाठवलं. अकाउंट्सवाल्या ताई मान वर न करता म्हणाल्या, "क्यूटीवाय-१ म्हणजे स्टॉक. दुसरं काय असणार?" मॅनेजरसाहेबांना तर हा प्रश्नच फालतू वाटला. "जे आहे ते लिही ना बेन, थई जशे."

थई गयुं! चाचणीत सेल्सच्या एका मुलाने विचारलं, ६ इंची गेट व्हॉल्व्ह आज किती पाठवता येतील? एजंट बिनधास्त म्हणाला, ४०. त्याने क्यूटीवाय-१ वाचला होता, आणि वर्णनात दुसरं काही नव्हतंच. मीटिंगमध्ये लगेच 'एआय गप्पा मारतो' सुरू झालं. मला अजून राग येतो. गप्पा एआयच्या नव्हत्या, मॅन्युअलच्या होत्या.

शेवटी उत्तर मिळालं ते स्टोअरच्या काकांकडे. ते लग्नाला नाशिकला गेलेले, म्हणून तोवर सगळं ठप्प. आल्यावर त्यांनी रॅकला लटकवलेलं बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीच्या नोंदीचं कार्ड) काढलं, तेलाच्या बोटांनी मळलेलं, आणि पेन्सिलीचे आकडे दाखवले. "हे बघ, आले ४०. हायड्रो टेस्ट झाली २८ची. त्यातले २० दुसऱ्या ऑर्डरला बांधलेत. आज काय जाणार? ८." म्हणजे क्यूटीवाय-१ आलेला सगळा माल, क्यूटीवाय-२ हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास झालेला, आणि राखीव माल भलत्याच, ऑर्डरच्या टेबलात. ज्या दोन ओळींसाठी सगळ्या खात्यांचे उंबरे झिजवले, त्या काकांनी चहा निवायच्या आत सांगितल्या. तुम्ही असलं काम घेणार असाल तर आधी स्टोअरमध्ये जा, ऑफिसात नंतर.

जुनं वर्णन होतं, 'स्टॉक देतो.' आता लिहिलंय: 'एका गोदामातला, एका आयटमचा, आज पाठवता येईल असा साठा. टेस्ट बाकी असलेला आणि ऑर्डरला राखलेला माल यात नाही. एकक नग. आयटम कोड माहीत नसेल तर आधी आयटम-शोध वापरा. कोड अंदाजाने भरू नका.' शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. ते नव्हतं तेव्हा एजंट स्वतःच कोड बनवून पाठवायचा.

एररच्या मेसेजचं आधीच सांगायला हवं होतं. 'इनव्हॅलिड इनपुट' एवढंच परत गेलं की एजंट तीच विनंती पुन्हापुन्हा ठोकत बसतो. आता मेसेज जातो: 'जीएसटीआयएन १५ अक्षरी हवा, १४ मिळाली, पहिले दोन अंक राज्याचा कोड, गुजरातचा २४.' पुढच्या खेपेला तो पार्टीच्या रेकॉर्डमधून पूर्ण नंबर काढून आणतो. मला विचाराल तर वर्णनापेक्षाही हे आधी सुधारा.

तारखेचा साचाही ठरवून द्या. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? चुकलं तर बिल आख्ख्या दुसऱ्या आर्थिक वर्षात जातं. मी २०२५-०४-०३ असा वर्ष-महिना-दिवस साचा सक्तीचा केला.

हो, आणि ऑर्डर रद्द करणारं टूल. त्यावर 'डिस्ट्रक्टिव्ह'ची (याने नुकसान होऊ शकतं अशी) खूण असली तरी ती नुसती सूचना असते, कुलूप नव्हे. परवानगीची तपासणी सर्व्हरवर वेगळी लिहावी लागते. मॅनेजरसाहेबांना हेही जास्तीचं काम वाटलं. मी ऐकलं नाही.

क्यूटीवाय-३ काय आहे ते काकांनाही माहीत नाही. कधी शून्य असतो, कधी उणे. मी तो टूलच्या उत्तरातून काढून टाकलाय. तिकीट अजून 'अंडर रिव्ह्यू' आहे.