फोड नसतानाच जास्त जपायचं

बायकोला आठवा महिना लागलाय आणि सातव्यापासून आमचे संबंध पूर्ण बंद आहेत. मला जेनायटल हर्पिस आहे, म्हणजे एचएसव्ही-२ नावाच्या व्हायरसमुळे गुप्तांगाच्या भागात फोड येतात आणि तो संबंधातून पसरतो. तिला नाही. तिला तो होऊ नये, निदान आत्ता तर नाहीच नाही, यासाठी जे काही करतोय ते लिहून ठेवतो, कारण मला जेव्हा गरज होती तेव्हा मराठीत सरळ सांगणारं कोणी सापडलं नव्हतं.

आधी एक, हर्पिस म्हणजे नागीण नाही. मला पहिल्यांदा फोड आले तेव्हा मी पण नागीणच समजून पंधरा दिवस नुसता लेप लावत बसलो. नागिणीचा व्हायरस वेगळा, कांजिण्यांचा तोच. हा वेगळा, आणि हा कंबरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो तो कायमचाच.

लग्न ठरायच्या आधी तिला ठाण्यात उपवन तलावाच्या कट्ट्यावर सांगितलं. हातातला चहा गार झाला तरी ती गप्प, आणि मग एकच विचारलं, "मग मला होऊ नये म्हणून काय करायचं, ते विचारून आलायस का?" मी नव्हतो आलो विचारून. रडारड झाली असती तर मला सोपं गेलं असतं, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. पुढच्या आठवड्यात नौपाड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो.

तिथे कळलं ते हे, की फोड दिसत नसतात त्या दिवशीही व्हायरस कातडीवर येतो. काहीच जाणवत नाही, दिसत नाही, आणि बऱ्याच जणांना लागण नेमकी अशाच दिवशी होते. म्हणजे मी जे मनात धरून चाललो होतो, की फोड आले की लांब राहू आणि बाकी वेळ बिनधास्त, ते अर्धंच बरोबर होतं.

फोड येताना लांब राहायचंच. आणि फोडाच्या आधीपासून. माझं असं होतं की डाव्या मांडीतून मुंगी चालत गेल्यासारखं वाटतं, मग त्या जागी चुरचुर, आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन फोड. एकदा ठाण्याहून वाशीला जाताना ट्रेनमध्ये उभ्या उभ्या ती मुंगी जाणवली आणि तिथूनच तिला मेसेज केला, "आज माझा उपास". हा आमचा शब्द आहे. मुंगी चालली की उपास सुरू आणि खपली पडून खालची कातडी नीट होईपर्यंत सोडायचा नाही, कंडोम लावून पण नाही.

बाकीच्या दिवसांसाठी कंडोम आणि रोजची गोळी. कंडोम सगळी कातडी झाकत नाही त्यामुळे धोका शून्य होत नाही, पण कमी नक्की होतो. गोळी व्हॅलासायक्लोविर, ५०० मिलिग्रॅम, रोज एक. २००४ मध्ये यावर मोठा अभ्यास छापून आला, १४८४ जोडपी, एकाला एचएसव्ही-२ आणि दुसऱ्याला नाही, आठ महिने. औषध नसलेली साधी गोळी घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी ३.६ टक्क्यांना लागण झाली, औषध घेणाऱ्यांच्या १.९ टक्क्यांना. साधारण निम्मी. पण स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नका, किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो. आणि खाजगी डॉक्टरकडे जायला पैसे नसतील किंवा लाज वाटत असेल तर सरकारी हॉस्पिटलमध्ये सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे याच आजारांसाठी फुकट तपासतात. गुप्तरोगाच्या पोस्टरवरचा नंबर फिरवू नका, कळकळीने सांगतोय.

मूल हवं होतं तेव्हा कंडोम सोडावा लागला. तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारून गोळी चालू ठेवली आणि जराही शंका आली तर उपास. दिवस राहिल्यावर परत कंडोम, आणि सातव्यापासून काहीच नाही. कारण असं, की आईला जुना हर्पिस असेल तर तिच्या अँटिबॉडीज बाळाला मिळालेल्या असतात, धोका एक टक्क्याहून कमी. पण शेवटच्या तीन महिन्यांत तिला नव्याने झाला तर अँटिबॉडीज बनायला वेळच मिळत नाही आणि डिलिव्हरीत बाळाला होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के. एवढ्याशा जिवाला तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकल्यावर मला तीन महिने थांबणं जड गेलं नाही. ओठावर फोड येणाऱ्यांनी तोंडानेही काही करू नये या काळात, तो पण हर्पिसच आहे आणि खालीही लागतो. बाळ आल्यावर ओठावर फोड असलेल्या कुणीही त्याचा पापा घ्यायचा नाही, हे मी माझ्या आईला आत्ताच सांगून ठेवलंय, ती रागावली, रागावू दे.

एक चूक मात्र केली. गायनॅककडे पहिल्या दोन व्हिजिटला मी बाहेरच बसलो आणि तिलाही म्हटलं, माझ्या आजाराचं तिथे कशाला. तिसऱ्या वेळी तिनेच मला आत ओढून नेलं. मॅडमनी काही न बोलता फाइलच्या पहिल्या पानावर ब्लड ग्रुपच्या खाली "पती – एचएसव्ही-२" लिहिलं, तिची अँटिबॉडीची टेस्ट करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि सांगितलं की कुठे जळजळ, पुळी, काहीही वाटलं तर लगेच फोन करा, कळा सुरू झाल्यावर मी परत तपासेन आणि फोड दिसला तर सिझर करू. ती फाइल आता हॉस्पिटलच्या बॅगेत दुपट्यांच्या वर ठेवलीय, रात्री-अपरात्री निघावं लागलं तर पहिली तीच हाताला लागावी.